हृदय आणि फुफ्फुसांची क्षमता साध्या चाचण्यांनी कशी मोजावी

जिना चढताना दम लागतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर हमखास विचारतात, "किती पायऱ्यांनंतर?" आणि बहुतेक वेळा "पूर्वीपेक्षा लवकर" एवढेच उत्तर मिळते. चालणे, पायरी चढणे-उतरणे किंवा खुर्चीतून उठणे या रोजच्याच हालचाली ठरलेल्या पद्धतीने आणि घड्याळ लावून केल्या, तर याच प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते. त्यासाठी लागणारे साहित्य किरकोळ आहे: स्टॉपवॉच (मोबाइलमधले चालेल), मोजमापाची टेप, खुर्ची, दणकट पायरी आणि वही. पद्धत मात्र काटेकोर हवी. जागा, वेळ, पायरीची उंची आणि नाडी मोजण्याची रीत यांपैकी काहीही बदलले, तर आलेल्या आकड्याची तुलना इतरांच्याच काय, स्वतःच्या मागच्या आकड्याशीही करता येत नाही.

मोजले जाते ते नेमके काय

श्रम वाढत जातात तसा स्नायूंना अधिकाधिक प्राणवायू लागतो. तो फुफ्फुसांतून रक्तात येतो, हिमोग्लोबिन तो वाहून नेते, हृदय ते रक्त पुढे ढकलते आणि स्नायू तो वापरतात. एका टप्प्यानंतर श्रम आणखी वाढवले तरी प्राणवायूचा वापर वाढत नाही. ही मर्यादा ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये मांडली. तिला आज 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरला गेला या हिशेबाने ती सांगतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ३.५ मिलिलिटर वापरतो. याला एक 'मेट' धरतात, म्हणून एखाद्याची क्षमता आठ मेट आहे असे म्हटले की तो विश्रांतीच्या आठपट प्राणवायू वापरू शकतो, असा अर्थ होतो.

निरोगी माणसात ही मर्यादा सहसा फुफ्फुसांमुळे येत नाही. त्यांची क्षमता बरीच शिल्लक असते, आणि आधी कमी पडते ते हृदयाचे रक्त ढकलण्याचे सामर्थ्य. दमा, जुनाट श्वासनलिका विकार किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात काढलेली असतील, तर मात्र फुफ्फुसेच आधी हात टेकतात. शिवाय या साखळीत रक्तही आहे, हे विसरून चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा स्त्रीची नाडी थोड्याशा श्रमाने भराभर वाढते, दम लागतो आणि चाचणीचा निकाल वाईट येतो, पण दोष हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा नसतो. म्हणून निकाल कमी आला तर घाबरण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, हा माझा पहिला सल्ला असेल.

प्रयोगशाळेत ही क्षमता मोजताना तोंडावर मुखवटा लावून, ट्रेडमिलवर किंवा सायकलवर थकेपर्यंत श्रम करवून घेऊन श्वासातील वायूंचे विश्लेषण करतात. घरच्या चाचण्या फक्त अंदाज देतात. त्यांतल्या पुष्कळशा चाचण्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: मध्यम श्रमांच्या टप्प्यात नाडीचे ठोके आणि प्राणवायूचा वापर बऱ्याच अंशी एकमेकांच्या प्रमाणात वाढतात. त्यामुळे मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारखी 'बीटा ब्लॉकर' गटातील औषधे घेणाऱ्यांनी नाडीवर आधारलेल्या चाचण्यांच्या वाटेला जाऊ नये. ही औषधे नाडी वाढूच देत नाहीत, आणि सूत्र त्या माणसाला खेळाडू ठरवून मोकळे होते. चाचणीसाठी औषध बंद करणे तर सर्वथा चूक आहे. अशांनी अंतरावर किंवा वेळेवर आधारलेली चाचणी निवडावी.

कोणी थांबावे

गेल्या महिनाभरात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत दुखण्याचा त्रास अस्थिर झाला असेल, म्हणजे बसल्या बसल्या अथवा वाढत्या प्रमाणात दुखत असेल, तर यांतली कोणतीही चाचणी घरी करू नये. विश्रांतीत नाडी १२० च्या वर असेल, वरचा रक्तदाब १८० च्या वर किंवा खालचा १०० च्या वर असेल, तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. श्रमांत चक्कर किंवा बेशुद्धी आल्याचा इतिहास, आटोक्यात नसलेला दमा, अंगात ताप, नुकताच होऊन गेलेला डेंग्यू किंवा न्यूमोनिया, गरोदरपण, नाडीचे अनियमित ठोके या सर्वांनाही हेच लागू आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्या माणसाने धावण्याच्या चाचण्या स्वतःच्या जबाबदारीवर करू नयेत. चालण्याची चाचणी त्यांना पुरेशी आहे.

चाचणी चालू असताना छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, बोलता येणार नाही इतकी धाप, पाय लटपटणे, पोटऱ्यांत गोळे येणे, अचानक दरदरून घाम फुटणे किंवा चेहरा पांढराफटक पडणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच क्षणी थांबून बसावे. छातीतले दुखणे बसल्यावरही थांबले नाही, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या कारणासाठीच चाचणी एकट्याने करू नये. सोबत एक माणूस हवाच, आणि वेळ मोजायला व फेऱ्या टिपायला तो लागतोच.

तयारी आणि नाडी

चाचणीपूर्वी दोन तास जड व्यायाम टाळावा आणि पोट भरलेले नसावे. चहा-कॉफी, तंबाखू आणि मिश्री यांनी नाडी वाढते, म्हणून त्याही टाळाव्यात. नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी घ्यावीत. शक्यतो सकाळची वेळ ठेवावी, आणि पुढच्या वेळीही तीच ठेवावी. हवेचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. उष्ण आणि दमट हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जादा रक्त पाठवावे लागते आणि त्याच श्रमांना नाडी जास्त पडते. नागपुरात जानेवारीत केलेली आणि मे महिन्यात केलेली चाचणी शेजारी ठेवून 'क्षमता घसरली' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. कोकणातल्या दमट दुपारीबद्दलही तेच.

नाडी मोजण्यासाठी तर्जनी आणि मधले बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या खळग्यात ठेवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची नाडी त्यात मिसळते. विश्रांतीची नाडी सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट मोजावी. श्रमांनंतरची नाडी थांबल्याबरोबर वेगाने उतरू लागते, म्हणून ती मोजण्यास काही सेकंद उशीर झाला तरी निकाल उगाचच चांगला दिसतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सोपी रीत आहे खरी, पण त्यात एक ठोका चुकला की मिनिटाला चार ठोक्यांची चूक होते, हे लक्षात ठेवावे. मनगटी घड्याळांतील प्रकाशाचे संवेदक विश्रांतीत बरे चालतात. घाम, सैल पट्टा आणि हाताची हालचाल यांनी ते फसतात. छातीला बांधायचा पट्टा असेल तर तो अधिक भरवशाचा.

सहा मिनिटे चालण्याची चाचणी

वयस्कर माणसे, हृदयाचे किंवा फुफ्फुसांचे जुने रुग्ण आणि बऱ्याच वर्षांत व्यायाम न केलेले लोक यांच्यासाठी ही सर्वांत योग्य चाचणी आहे. मुळात बारा मिनिटे धावण्याची एक चाचणी होती. फुफ्फुसविकाराच्या रुग्णांसाठी १९७० च्या दशकात तिची बारा मिनिटे चालण्याची आवृत्ती झाली आणि पुढे सहा मिनिटेही पुरतात असे दिसून आले. २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिची सविस्तर नियमावली प्रसिद्ध केली, आणि आज रुग्णालयांत ती बहुतांशी त्याच नियमांनी होते.

महाराष्ट्रात या चाचणीचे नाव घराघरांत पोहोचले ते २०२१ मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने घरी सहा मिनिटे चालून पल्स ऑक्सिमीटरने प्राणवायूची पातळी पाहण्याचा सल्ला दिला होता. चालल्यावर पातळी ९३ च्या खाली गेली किंवा आधीपेक्षा तीन टक्क्यांहून अधिक उतरली, तर रुग्णालय गाठायचे, असा तो निकष होता. तेव्हा अंतराला महत्त्व नव्हते आणि खोलीतल्या खोलीत चालले तरी चालत होते. क्षमता मोजायची असेल तेव्हा अंतर हाच निकाल असतो, म्हणून त्या वेळची सवय इथे उपयोगाची नाही.

सपाट, टणक आणि वर्दळ नसलेला ३० मीटर लांबीचा सरळ पट्टा टेपने मोजून घ्यावा. सोसायटीचे पार्किंग, शाळेचा व्हरांडा किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल ही त्यासाठी चांगली ठिकाणे आहेत. दोन्ही टोकांना विटा किंवा कोन ठेवावेत आणि दर तीन मीटरवर खडूची किंवा फक्कीची खूण करावी. पट्टा आखूड असला तर वळणे वाढतात आणि अंतर कमी भरते. गोल मार्गावर वळणेच नसल्याने ते जास्त भरते. ट्रेडमिलवरचे अंतर तर वेगळेच येते आणि ते या चाचणीत धरत नाहीत. ३० मीटर मिळत नसतील तर २० मीटरवरही काम भागेल, फक्त पुढच्या प्रत्येक वेळी तेच २० मीटर असावेत आणि खाली दिलेल्या सूत्रांशी तुलना सैल हाताने करावी.

आधी वॉर्म-अप करू नये. सुरुवातीच्या रेषेजवळ खुर्चीत दहा मिनिटे स्वस्थ बसावे, नाडी आणि असल्यास ऑक्सिमीटरवरील पातळी टिपावी आणि धाप शून्य ते दहा या श्रेणीत किती आहे ते सांगावे. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त सहन होणार नाही. मग सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचे, धावायचे नाही, एवढीच सूचना द्यावी. दम लागला तर वेग कमी करता येतो, भिंतीला टेकून थांबताही येते, पण घड्याळ थांबत नाही. नेहमी काठी वापरणाऱ्याने काठी घेऊनच चालावे आणि तशी नोंद करावी.

सोबतच्या माणसाने बरोबरीने चालू नये, कारण त्याच्या पावलांचा वेग नकळत चालणाऱ्याचा वेग ठरवतो. प्रत्येक मिनिटाला "छान चाललंय, आता पाच मिनिटं राहिली", "असंच चालू ठेवा, चार मिनिटं राहिली" असे ठरावीक शब्द शांत आवाजात म्हणावेत. "चला, लवकर लवकर!" असा धोशा लावला की अंतर वाढते आणि पुढच्या वेळी तेवढा उत्साही माणूस मिळाला नाही की घटते. घरच्या चाचण्यांत हा दोष फार आढळतो, आणि नातवंडे टाळ्या वाजवत असतील तर विचारायलाच नको. सहा मिनिटे पूर्ण होताच जागच्या जागी थांबावे, अपुऱ्या फेरीचे अंतर खुणांवरून मोजावे, नाडी, पातळी व धाप पुन्हा टिपावी आणि पाय दुखले की श्वास पुरेना, यांतले आधी कशाने अडवले तेही लिहावे. डॉक्टरांना ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते.

निरोगी प्रौढांचे अंतर साधारण ४०० ते ७०० मीटर असते. अधिक नेमकी तुलना हवी असेल, तर १९९८ मध्ये एनराइट आणि शेरिल यांनी दिलेली सूत्रे सर्वांत जास्त वापरात आहेत. पुरुषांसाठी अपेक्षित अंतर = (७.५७ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५.०२ × वय) − (१.७६ × वजन किलोमध्ये) − ३०९. स्त्रियांसाठी (२.११ × उंची) − (२.२९ × वजन) − (५.७८ × वय) + ६६७. साठ वर्षांच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाचे अपेक्षित अंतर यावरून सुमारे ५२४ मीटर येते. त्यातून पुरुषांसाठी १५३ आणि स्त्रियांसाठी १३९ मीटर वजा केले की सामान्य मर्यादेचे खालचे टोक मिळते, म्हणजे या गृहस्थांसाठी ३७१ मीटर. ही सूत्रे ४० ते ८० वर्षे वयाच्या अमेरिकन लोकांवरून काढलेली आहेत. आपल्याकडच्या माणसाने ५२४ ऐवजी ४७० मीटर अंतर कापले, तर त्यात आजार शोधत बसू नये.

पहिल्यांदा चालताना माणूस बिचकतो आणि दुसऱ्यांदा तेवढ्यानेच अंतर वाढते. म्हणून किमान अर्धा तास विश्रांती घेऊन किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावे आणि दोन्हींतले मोठे अंतर नोंदवावे. फुफ्फुसविकाराच्या रुग्णांमध्ये साधारण ३० मीटरचा फरक अर्थपूर्ण धरतात. बारा-पंधरा मीटर इकडे-तिकडे झाले तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

धडधाकट तरुणाला मात्र ही चाचणी काहीच सांगत नाही. चालण्याच्या वेगालाच मर्यादा असते, आणि ती हृदयाच्या मर्यादेच्या कितीतरी आधी गाठली जाते.

पायरीची चाचणी

जागा नसलेल्यांसाठी पायरी सोयीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली हार्वर्ड चाचणी अनेक शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत अजून भेटते, पण तिची २० इंची, म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटरची पायरी आणि मिनिटाला ३० चढउतारांचा वेग सर्वसामान्य माणसाच्या गुडघ्यांना झेपणारा नाही. ती सोडून द्यावी.

घरी करण्यासारखी चाचणी ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक फूट उंचीच्या पायरीची आहे. इमारतीच्या जिन्याची एक पायरी बहुधा १५ ते १७ सेंटिमीटर असते, तेव्हा ती पुरत नाही. लाकडी ठोकळा किंवा न हलणारे ठेंगणे बाकडे भिंतीला लावून घ्यावे, आणि प्लास्टिकचे स्टूल कधीही वापरू नये. मोबाइलवर मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक वाजवणारे, मोफत अ‍ॅप मिळते. त्यावर मिनिटाला ९६ ठोके लावावेत आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकावे: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. म्हणजे मिनिटाला २४ चढउतार होतात. पाय बदलायचा असेल तर मध्ये बदलावा, लय मात्र तुटू देऊ नये. वर गेल्यावर गुडघे पूर्ण सरळ झाले पाहिजेत. अर्धवट वाकून चढउतार केला की श्रम कमी पडतात आणि निकाल खोटा चांगला येतो. तीन मिनिटे झाली की लगेच खुर्चीत बसावे, पाच सेकंदांच्या आत नाडीवर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. हा आकडा म्हणजेच निकाल. दोन महिने नियमित व्यायाम केल्यावर त्याच पायरीवर, त्याच लयीत तो कमी आला, तर हृदय तेच काम कमी ठोक्यांत करू लागले आहे.

व्हीओटू मॅक्सचा अंदाज आकड्यात हवा असेल, तर १९७२ ची क्वीन्स कॉलेज चाचणी करावी. तिची पायरी ४१.३ सेंटिमीटरची आहे. हे विचित्र माप व्यायामशाळेतील प्रेक्षकांच्या बाकांच्या उंचीवरून आलेले आहे. वेळ तीनच मिनिटे. पुरुषांसाठी मेट्रोनोम ९६ वर, स्त्रियांसाठी ८८ वर. संपल्यावर उभ्यानेच, पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंतचे पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणावेत. पुरुषांसाठी १११.३३ − (०.४२ × नाडी) आणि स्त्रियांसाठी ६५.८१ − (०.१८४७ × नाडी) अशी सूत्रे आहेत. पंधरा सेकंदांत ३८ ठोके, म्हणजे नाडी १५२ असलेल्या पुरुषाचा अंदाज ४७.५ येतो. त्याने एकच ठोका जास्त मोजला असता तर तो ४५.८ आला असता, तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर वाद घालू नये. ही सूत्रे महाविद्यालयीन तरुण-तरुणींवरून काढलेली आहेत, आणि दीडशे सेंटिमीटर उंचीच्या पन्नाशीच्या गृहिणीला ही पायरी उंचही पडते आणि सूत्रही लागू पडत नाही. तिने एक फुटाच्या पायरीवरच थांबावे.

एक मैल चालण्याची चाचणी

तिशी ते साठीच्या, तब्येतीने बऱ्या असलेल्या माणसांसाठी मला ही सर्वांत पसंत आहे. तिच्यात धावावे लागत नाही, आणि तरी आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह मिळतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत ३० ते ६९ वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांवर तयार केली गेली आणि रॉकपोर्ट चाचणी या नावाने ओळखली जाते. अंतर १,६०९ मीटर. चारशे मीटरच्या धावपट्टीवर आतल्या मार्गाने चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर सोडू नये, कारण उंच इमारतींमध्ये ते बरेच चुकते.

पाच मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे करावे आणि मग जमेल तितक्या झपाझप, पण एकसारख्या वेगाने चालावे. शेवटच्या शंभर मीटरमध्ये जोर लावला तर नाडी वर उडते आणि हिशेब बिघडतो. रेषा ओलांडताच वेळ टिपून नाडी मोजावी. सूत्र असे: १३२.८५३ − (०.१६९५ × वजन किलोमध्ये) − (०.३८७७ × वय) − (३.२६४९ × मिनिटे) − (०.१५६५ × नाडी), आणि पुरुष असल्यास त्यात ६.३१५ मिळवायचे. सेकंदांचे दशांशात रूपांतर करायला विसरू नये. १६ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १६.५.

समजा, ४२ वर्षांच्या, ६२ किलो वजनाच्या स्त्रीने हे अंतर १६.५ मिनिटांत कापले आणि नाडी १३८ भरली. वजनाचे १०.५, वयाचे १६.३, वेळेचे ५३.९ आणि नाडीचे २१.६ वजा करता उत्तर ३०.६ येते, म्हणजे पावणेनऊ मेटच्या आसपास. तिने सरावानंतर त्याच नाडीत १५.५ मिनिटे वेळ दिली तर आकडा ३३.९ होईल. वेळ तीच राहून नाडी दहा ठोक्यांनी उतरली तर ३२.२. वजन चार किलोने कमी झाले तर मात्र वाढ जेमतेम ०.७ ची.

धावणे, जिना आणि खुर्ची

बारा मिनिटे धावण्याची चाचणी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. हवाई दलातील ११५ पुरुषांवर ती तपासली होती. धावलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की अंदाज मिळतो: २,००० मीटरला ३३.४ आणि २,४०० मीटरला ४२.४. ती जीव तोडून धावण्याची चाचणी आहे, आणि आधी किमान दोन-तीन महिने नियमित धावलेल्यांनीच ती करावी. पोलीस भरतीसाठी १,६०० किंवा ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुला-मुलींना ती चांगली उपयोगी पडेल, कारण भरतीच्या अंतरात धावण्याचे कसब आणि वेगही मोजला जातो, हिच्यात मुख्यतः दमसास. क्रिकेटपटूंमुळे माहीत झालेली यो-यो चाचणी वीस मीटरच्या पट्ट्यावर ध्वनिफितीच्या इशाऱ्यांनी होते. ती खेळाडूंची आहे, घरची नव्हे.

जिन्याची चाचणी सर्वांत सहज सुचणारी. स्पेनमधील हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये मांडलेल्या अभ्यासात चार मजले, म्हणजे ६० पायऱ्या, न थांबता आणि न धावता ४०-४५ सेकंदांच्या आत चढणाऱ्यांची क्षमता नऊ-दहा मेटच्या वर आढळली, तर दीड मिनिट किंवा जास्त लागणाऱ्यांची आठ मेटच्या खाली. आपल्या इमारतींत एका मजल्यालाच अठरा-वीस पायऱ्या असतात, म्हणून मजले न मोजता पायऱ्या मोजाव्यात. फुफ्फुसाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदही रुग्णाला जिना चढायला लावतात. २२ मीटर उंची गाठता आली नाही तर मुखवट्याची सविस्तर चाचणी करण्याची शिफारस आहे. घरी करताना कठडा जवळ असावा, पण त्याचा आधार घेऊन अंग वर ओढू नये, आणि उतरताना घाई करू नये.

चालायलाही जागा नसलेल्या किंवा तोल जाणाऱ्या वृद्धांसाठी खुर्चीची चाचणी आहे. हात नसलेली, साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घडी घालून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. स्वित्झर्लंडमधील मोठ्या पाहणीत विशीच्या सुरुवातीला पुरुषांचा मधला आकडा ५० आणि स्त्रियांचा ४७ होता, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा अनुक्रमे ३० आणि २७. मांड्यांची ताकद यात मोठा वाटा उचलते, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांचा आकडा हृदयाविषयी फारसे बोलत नाही. तालमीतल्या बैठका हा तिचा पर्याय होत नाही.

आकडा आल्यावर

अनेक जण श्रमांनंतर एका मिनिटात नाडी किती उतरते हे पाहतात, आणि ते पाहणे योग्यच आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांची उतरण धोक्याची मानली होती. पण त्यातली माणसे ट्रेडमिलवर कमाल श्रम करून मग सावकाश चालत होती. पायरीच्या चाचणीनंतर खुर्चीत बसलेल्याला हा निकष जसाच्या तसा लावू नये. स्वतःची उतरण महिन्यागणिक वाढते आहे का, एवढे पाहावे. '२२० वजा वय' या सूत्राचेही असेच. चाळिसाव्या वर्षी ते आणि '२०८ वजा वयाच्या सात दशांश' हे नंतरचे सूत्र दोन्ही १८० सांगतात, साठीला मात्र पहिले १६० आणि दुसरे १६६ सांगते. शिवाय त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस ठोक्यांचाही फरक असू शकतो. त्या आकड्यापर्यंत नाडी नेलीच पाहिजे असे नाही.

ऑक्सिमीटर वापरताना हात गार नसावेत आणि नखांना नेलपॉलिश नसावे. चालता चालता दिसणारा आकडा हालचालीने चुकतो, म्हणून थांबल्यावर काही सेकंद स्थिर झालेला आकडा घ्यावा. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते, हेही ध्यानात असावे. ज्यांची पातळी आजारामुळे मुळातच कमी असते, त्यांनी थांबण्याची मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावी. त्याआधी फरक दिसण्याइतका बदल शरीरात क्वचितच होतो, आणि दर आठवड्याला केलेली चाचणी हवामान, झोप आणि मनःस्थिती यांचेच चढउतार दाखवते. नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, पायरीची उंची किंवा पट्ट्याची लांबी, हवा, वजन, चालू औषधे, आधीची आणि नंतरची नाडी, धाप, निकाल आणि कशाने अडले, एवढे लिहावे.

निकाल चांगला आला म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही. दहा मेट क्षमता असलेल्या माणसाच्याही रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो, आणि श्रमांत छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखत असेल तर या साऱ्या चाचण्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ते हृदयाचा आलेख घेतील, गरज वाटल्यास टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करायची हृदयाची चाचणी, करतील. तिथे तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात आणि आलेख सतत चालू असतो, जे घरी शक्य नाही. दम लागण्याबरोबर खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोराने श्वास सोडून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीचा, विचार व्हावा. चालण्याचे अंतर मागच्या वेळेपेक्षा स्पष्टपणे घटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा करूनही तेच आले आणि सर्दी-ताप, रक्तक्षय किंवा गुडघेदुखी असे कारण सापडले नाही, तर नोंदवहीच घेऊन जावे.